हेक्टर ग्रीकांच्या छावणीत

वर्ध्याला एम.ए.च्या वर्गात महाकाव्य शिकवताना ‘दोन पक्ष’ हा शब्द फार सहज तोंडी येतो. मग वह्यांत उभी रेघ पडते : डावीकडे पांडव, उजवीकडे कौरव. ही रेघ किती कच्ची असते, याचा एक विलक्षण दाखला मला गुरू ग्रहाच्या कक्षेत मिळाला.

१७७२ मध्ये लाग्रांज या गणितज्ञाने दाखवले, की सूर्य आणि ग्रह यांच्याशी समभुज त्रिकोण साधणाऱ्या दोन जागी लहानशी वस्तू टिकून राहू शकते. एक जागा ग्रहाच्या ६० अंश पुढे, दुसरी तितकीच मागे. ६० अंश म्हणजे आपल्या पंचांगातल्या दोन राशी. गुरू सिंहेत, तर एक जागा ढोबळमानाने तुळेत, दुसरी मिथुनेत. (वर्धा, सेवाग्राम, पवनार असाही त्रिकोण आमच्याकडे काढता येतो, तो समभुज मात्र नाही.) २०२४ च्या जानेवारीत आपले ‘आदित्य’ यान पोचले तो बिंदू निराळा. तिथे टिकून राहायला यानाला अधूनमधून इंजिनाचा आधार घ्यावा लागतो. या दोन जागी थोडे ढळलेले आपोआप परत वळते.

गणितातली ही शक्यता आकाशात दिसायला १९०६ साल उजाडले. हायडलबर्गच्या माक्स वोल्फला पुढच्या जागी एक लघुग्रह सापडला. व्हिएन्नाच्या योहान पालिसाने सुचवले, की अशांना ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावे द्यावीत. पहिला झाला अकिलिस. पुढे संकेत ठरला : पुढची छावणी ग्रीकांची, मागची ट्रॉयची. पण तो ठरण्याआधीच दोघांचे बारसे होऊन गेले होते. म्हणून हेक्टर ग्रीकांत आहे आणि पॅट्रोक्लस ट्रॉयवाल्यांत.

खगोलशास्त्रज्ञ त्यांना गमतीने हेर म्हणतात. मला ते पटत नाही. हेर काम आटोपून घरी जातो. यांनी जायचे कुठे? पॅट्रोक्लस हा अकिलिसचा जिवलग. त्याला हेक्टरने मारले, हेक्टरला अकिलिसने. आकाशात मारणारा आणि मरणारा एकाच छावणीत नांदतात, आणि ज्याच्यासाठी हा सूड घेतला तो सुमारे १२० अंश पलीकडे. त्याच्या सोबतीला, त्याच्याशी जोडीने फिरणारा मेनिटियस. काव्यात हा त्याचा बाप.

आर्वीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मागे विचारले होते, युयुत्सू कुठल्या रकान्यात लिहायचा? धृतराष्ट्राचा मुलगा, युद्धाच्या तोंडावर पांडवांकडे आलेला. आणि शल्य? नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. दुर्योधनाच्या पाहुणचारात गुंतला आणि कौरवांकडून लढला. संकेत पाळून ठेवलेली बाकीची नावे मला हजेरीपटासारखी वाटतात. महाकाव्य उतरले आहे ते या दोन चुकार नावांत.

आता दोन्ही छावण्यांत मिळून दहा हजारांहून अधिक लघुग्रह ठाऊक आहेत. होमरचे वीर पुरेनात, म्हणून २०१८ पासून त्यांतल्या लहानांना ऑलिम्पिक खेळाडूंची नावे देण्याची मुभा आहे. नासाचे ‘ल्यूसी’ यान २०२१ मध्ये तिकडे निघाले. ग्रीकांच्या छावणीतून जाताना हेक्टरची भेट त्याच्या कार्यक्रमात नाही. २०३३ मध्ये ते पॅट्रोक्लस आणि मेनिटियसपाशी पोचायचे आहे.