मुरघास

सॉमरसेटमधल्या क्लायंटकडे गाडीने जाताना मे महिन्यात शेताशेतांत काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गवताचे गठ्ठे दिसतात. लेक त्यांना 'राक्षसाचे लाडू' म्हणते. मला मात्र माणदेशातला आमचा गोठा आठवतो.

२०१९च्या दुष्काळात दादाच्या गाई चारा छावणीत होत्या. दोन विकाव्या लागल्या. पुढच्या पावसाळ्यात नेपियर गवत माजलं, तेव्हा मी इथून फोनवर शहाणपणा शिकवला, "दादा, कापून खड्ड्यात दाब, हवा बंद कर, झाला मुरघास!" दोन महिन्यांनी खड्डा उघडला तर कुजका, उग्र वास! गाईंनी तोंड फिरवलं. दादा मला काहीच बोलला नाही, तेच जास्त लागलं.

मग मी वाचायला बसलो. इथल्या रायग्रासमध्ये साखर भरपूर असते. जिवाणू तिचं लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आम्लाने चारा टिकतो. नेपियरमध्ये साखर कमी, पाणी जास्त. चाऱ्यात आम्ल मिसळून तो टिकवण्याची पद्धत शोधणाऱ्या फिनलंडच्या विर्तानेन यांना तर १९४५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं!

पुढच्या वर्षी दादाने गवत आधी सुकवलं, बारीक कुट्टी केली, टनामागे सुमारे ३० किलो मळी पाण्यात कालवून थराथरावर शिंपडली आणि जिवाणूंचं कल्चरही मिसळलं.

खड्डा उघडल्यावर त्याचा फोन आला, "अरे, आंबट-गोड वास सुटलाय. गाईंनी गव्हाण चाटूनपुसून साफ केली."

मंडळी, परदेशातून सल्ला देणं सोपं असतं. तिथल्या गवतात काय कमी आहे, हे आधी विचारायला हवं.