डोक्याचा मार आणि त्यानंतरची फिट

गवंडीकाम, रंगकाम, हमाली, रिक्षा यांवर आमची घरे चालतात. परांचीवरून पडणे, मोटारसायकलवरून आपटणे आमच्या वस्तीला नवे नाही. टाके सुकले, माणूस कामावर गेला, की आम्ही निर्धास्त होतो. परंतु मेंदूला झालेल्या जखमेचा व्रण आत राहतो. त्या व्रणाभोवतीच्या पेशी कधी एकाएकी बेताल होतात आणि काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही, फिट येते.

आमचे थोरले बंधू स्लॅबवरून पडले तेव्हा दोन दिवस बेशुद्ध होते. मेंदूवर साकळलेले रक्त ऑपरेशन करून काढावे लागले. आठ महिन्यांनी जेवता जेवता त्यांना पहिली फिट आली. शेजारपाजारचे धावले. कोणी चप्पल हुंगवली, कोणी देवऋषीचे नाव काढले. आमची आई म्हणाली, "बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षा दिली, तेव्हाच या घराने गंडेदोरे सोडले. दवाखान्यात चला."

तेथे डॉक्टरांनी जे विचारले ते प्रत्येक घराला ठाऊक हवे. बेशुद्धी एक दिवसाहून अधिक होती काय? कवटीला तडा गेला होता काय? मेंदूला इजा होऊन आत रक्त साकळले होते काय? पहिल्या आठवड्यातच फिट आली होती काय? वय ६५ च्या पुढे आहे काय? यांपैकी जितकी उत्तरे 'होय', तितका धोका अधिक.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ४,५४१ जखमींची पाहणी झाली. ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. किरकोळ मार लागलेल्यांत पाच वर्षांत फिट येण्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी होते. जबर मार लागलेल्यांत ते शंभरात दहा होते आणि तीस वर्षांत सुमारे सतरावर गेले.

म्हणून जबर मार लागलेल्या माणसावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे. फिट आल्यास त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर इस्पितळ गाठावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दारू आणि जागरण फिटला बोलावून आणतात. पाचवे शील येथे औषधाइतकेच कामाचे आहे. डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनची फिल्म पेटीत, जातीच्या दाखल्याशेजारी, जपून ठेवावी. पुढचा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागेल.