खारपाणपट्ट्यातलं गोडं पाणी

मातीशिवाय भाजी पिकते, हे काकांना तोंडी पटणार नव्हतं. म्हणून त्यांना गाडीत बसवून नेलं. बडनेरा मागे पडलं आणि लोणीपासून तो गुळगुळीत रस्ता लागला. 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरून गिनीज बुकात गेलेला. माना येईपर्यंत काका त्याचंच कौतुक करत होते. मुर्तिजापूरहून दर्यापूरच्या अंगाला वळलो, तसे गप्प झाले. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला.

इथे विहिरीला पाणी लागतं, पण खारं. ते पिकाला दिलं की त्यातलं सोडियम काळ्या चिकणमातीची घडण मोडतं. जमीन बंद होते, वरचं पाणी आत मुरत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पावसावरची पऱ्हाटी, तूर, मूग आणि मागून ओलीवरचा हरभरा. अशा ठिकाणी पालकाचा मळा म्हणजे थट्टाच.

शेडनेटखाली पांढऱ्या पाइपांच्या रांगा होत्या आणि त्यांच्या भोकाभोकांत लेट्यूस, पालक. काकांनी न विचारताच एक रोप उचललं. खाली मुळांचा शुभ्र झुपका.

“मुया अशा पांढऱ्या राह्यतात काय बावा? मी त जन्मभर काया मातीनं माखलेल्याच पाह्यल्या.”

मालक तिशीतला, खिशात टीडीएस मीटर. पाइपाला किंचित उतार असतो, पाण्याचा पातळ थर मुळांखालून वाहत टाकीत येतो आणि पंप त्याला पुन्हा वर चढवतो. खतांचे पिंप दोन. कॅल्शियम नायट्रेट एकात, फॉस्फेट-सल्फेट दुसऱ्यात. दाट द्रावणं एकत्र केली तर खाली पांढरा साका बसतो आणि रोप उपाशी राहतं. सामू साडेपाच ते साडेसहा. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “लाइन गेली त?”

प्रश्न वर्मावर होता. पाइपात पाणी साठून राहत नाही, पंप थांबला की उन्हाळ्याच्या दुपारी रोपं बघता बघता माना टाकतात. म्हणून इन्व्हर्टर. त्यातही पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, मुळं सडतात. पारा 45 कडे सरकतो त्या महिन्यांत लेट्यूस बंदच.

मला मात्र वेगळीच गोष्ट खटकत होती. हे तंत्र मातीला रजा देतं, पाण्याला नाही. उलट पाण्याच्या बाबतीत ते जास्तच चोखंदळ. पाण्यात आधीच क्षार भरलेले असतील तर खत घालायला जागा उरते कुठे? मग या पट्ट्यातच हे का?

“आधी बोअरचं पाणी आरओतून काढलं,” मालक म्हणाला. “पण गोडं निघते त्याच्यामागं आणखी खारट पाणी उरते. ते टाकाव कुठं? शेजाऱ्याच्या वावरात?” मग तो आम्हाला शेडमागे घेऊन गेला.

तिथे शेततळं होतं. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, पावसाच्या पाण्याचं. पाइपातलं पाणी फिरतं राहतं, झाड पितं तेवढंच खर्ची पडतं, त्यामुळे हा साठा पुरतो. जाहिरातीत मिरवतात ‘मातीविना शेती’. 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियात गेरिक यांनी पाण्यात टोमॅटो वाढवले, तेव्हापासून लोक त्याच चमत्काराला भुलतात. इथला सगळा डोलारा मात्र या तळ्यावर उभा होता.

माल कुठे जातो, हे काकांनी विचारलं. हॉटेलांत, बराचसा नागपूरला. “अन्‌ चिवळ लावता येईन काय याच्यात?” मालक हसला. चिवळीच्या साध्या भाजीची जुडी लेट्यूसच्या भावाने कोण घेणार?

काका पाइपांकडे परत फिरकलेच नाहीत. तळ्याच्या काठाने पावलं मोजत गेले. 30 मीटर लांब, तेवढंच रुंद, 3 मीटर खोल. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत सुरुवातीला हेच सर्वांत मोठं माप होतं. बाजूंचा उतार धरून मी सुमारे 22 लाख लिटर काढले. काकांचा हिशेब निराळा होता.

“हरभऱ्याले फुलावर एक अन्‌ घाट्यात एक, दोन पाणी भेटले त काय पायजे?” मग मालकाकडे वळून, “कागद किती मायक्रॉनचा हाय?”

“पाचशे.”

“लिहून दे. अन्‌ कोणापासून घेतला, तेही लिही.”