मुळं सावलीत, शेंडा उन्हात

लेक शिकायला इंग्लंडला गेली. दुसऱ्या वर्षी जूनमधल्या एका संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. घरमालकिणीच्या कुंपणावर चढलेली एक वेल ती आजीला दाखवत होती. तळहाताएवढी जांभळी फुलं, आणि इतकी की पानं शोधावी लागत होती. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फोन डोळ्यांपाशी नेला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ही आपल्याकडे लागेल का गं?”

मी गॅस बंद करून बाहेर आले. कारण अडाजणच्या आमच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात आईंनी 2006 नंतर एकही रोप लावलं नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा फार लहान होते, काहींचा जन्मही झाला नव्हता, म्हणून थोडं सांगते. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, आपल्या खानदेशातून वाहत येते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. आईंचं माहेर तापीकाठचं, प्रकाशाजवळचं. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्या म्हणायच्या, “गाव सुटलं, पण पाणी माहेरचंच आहे.” ऑगस्ट 2006 मध्ये वरच्या भागात अतोनात पाऊस झाला. सुरतेपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेलं उकाई धरण भरलं आणि पाणी सोडावं लागलं. सर्वांत जोर होता तेव्हा सुमारे नऊ लाख क्युसेक. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आमच्या तळमजल्यावर पाणी पंख्यापर्यंत आलं होतं. आम्ही वरच्या मजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात बसून होतो. पाणी ओसरल्यावर अंगणात मोगरा नव्हता, जास्वंद नव्हती, तुळशीवृंदावन आडवं झालं होतं आणि सगळीकडे गुडघाभर गाळ होता.

वरचा गाळ काढल्यावर आईंनी अंगणात कोटा फरशी घालून घेतली. एवढंच म्हणाल्या, “माहेरचंच पाणी होतं. आता परत काही लावायचं नाही.” तुळससुद्धा वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत गेली.

म्हणून त्या दिवशीच्या प्रश्नाने मी चमकले.

वेलीचं नाव क्लेमॅटिस. चीनमधून आलेल्या मोठ्या फुलांच्या जातींशी संकर करून इंग्रजांनी तिचे अनेक प्रकार तयार केले. त्यातला प्रसिद्ध ‘जॅकमनी’ हा वोकिंग गावातल्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत 1862 साली पहिल्यांदा फुलला. गंमत म्हणजे आपण ज्यांना पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नव्हेतच. शाळेत ज्यांना निदल म्हणायचो, तीच इथे रंगून मोठी होतात. आपल्या फोडणीतली आणि लोणच्यातली कलौंजी हिच्याच कुळातली. ते ऐकून आई म्हणाल्या, “मग अगदीच परकी नाही.”

डोंगराळ भागातल्या एका रोपवाटिकेतून रोप कुरिअरने मागवलं. डिसेंबरमध्ये खोक्यातून दोन काड्या आणि ओलसर मुळांचा गोळा बाहेर आला. शेजारच्या बेन कुंपणावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, “आ तो ठंडीनी वेल छे, बेन.” आम्ही ऐकून घेतलं.

क्लेमॅटिसचा एक नियम सगळे माळी सांगतात: मुळं सावलीत, शेंडा उन्हात. आम्ही तो मन लावून पाळला. फरशीवर मोठी खोल कुंडी ठेवली. रोप नेहमीपेक्षा दोन इंच खोल लावलं, म्हणजे वरचा भाग वाळला तरी मातीखालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटवा येतो. बुंध्यावर मंगलोरी कौल तिरकं टेकवून सावली केली. या वेलीला ना तणावे असतात ना काटे. पानाचा देठच आधाराला वळसा घालतो, त्यामुळे जाड बांबू तिच्या कामाचा नाही. आईंनी जुन्या साडीच्या काठाच्या बारीक दोऱ्या वळून भिंतीवर बांधल्या. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या कोणत्या देठाने कोणती दोरी धरली ते पाहायच्या.

फेब्रुवारीत एक फूल आलं. एकच. आजी-नातीचा त्या दिवशी तासभर फोन चालला.

मार्चमध्ये पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आम्ही कुंडी सावलीत सरकवली, ओलं गोणपाट गुंडाळलं, दिवसातून दोनदा पाणी दिलं. एप्रिलमध्ये वेल वाळली. मातीखालून एक फुटवा आला, तोही मेमध्ये काळा पडला. पुढे मला कळलं ते साधं होतं. मोठ्या फुलांच्या या वेलींना थंडीत झोप लागते. हिवाळ्यात पानं गाळून त्या विसावतात आणि त्या विश्रांतीवर वसंतात फुलतात. आमचा जानेवारी म्हणजे उंधियू आणि पोंक खायचे दिवस, पण पारा दहाच्या खाली क्वचितच जातो. वेलीला झोप मिळालीच नाही आणि वर उन्हाळ्यात कुंडीतली मुळं उकडून निघाली. फेब्रुवारीतलं ते फूल बहुधा डोंगरातून सोबत आणलेल्या शिदोरीवर आलं होतं.

मी दुसरं रोप मागवायला निघाले तेव्हा आईंनी मला थांबवलं. “आणखी एक मारायला आणू नकोस. या अंगणात काही टिकत नाही, हे मला ठाऊकच होतं.” दोऱ्या त्यांनी स्वतः सोडल्या आणि गुंडाळून ठेवल्या. रोपाचं मला फारसं दुःख नव्हतं. सोळा वर्षांनी उघडलेलं एक दार माझ्या हौसेमुळे पुन्हा बंद झालं, हे मात्र लागलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही सापुताऱ्याला गेलो. सुरतेहून जेमतेम एकशे साठ किलोमीटर. वघईपर्यंत रस्ता सपाट, मग डांगचं जंगल सुरू होतं. साग, बांबू आणि मध्येच नागलीची खाचरं. घाटात एका वळणावर चहाला थांबलो. टपरीमागच्या झुडपावर एक वेल पसरली होती. फुलं अगदी लहान, पिवळसर पांढरी, झुबक्यांनी लगडलेली. जिथली फुलं गळून गेली होती तिथे बियांना रेशमी पिसांसारख्या शेपट्या फुटल्या होत्या.

आई चहा टाकून तिकडे गेल्या. म्हणाल्या, “ही मोरवेल. सातपुड्याकडे जाताना दिसायची.” मग त्यांनी एक देठ हळूच उचलून मला दाखवला. तो फांदीभोवती वळसा घालून घट्ट बसला होता. “बघ, हिलाही तणावे नाहीत. ही पण देठानेच धरते.”

मोरवेल ही खरोखरच क्लेमॅटिस आहे. सह्याद्रीत आणि डांगच्या जंगलात पावसाळ्यानंतर फुलणारी, आपल्या मातीतली. पुस्तकाशिवाय, चार महिने दोऱ्या बांधलेल्या हातांनी आईंनी ती ओळखली होती. मी म्हटलं, एखादी काडी घेऊ या का? त्यांनी मान हलवली. “नको. हिची जागा हीच आहे. आपल्या अंगणाला काय मानवेल ते आधी अंगणाला विचारायला हवं होतं.”

परत आल्यावर त्या शेजारच्या बेनकडे गेल्या. बेनच्या कुंपणावर बारा महिने कृष्णकमळ असतं आणि त्याची मुळं जमिनीखालून पसरून भलतीकडे फुटवे काढतात. बेनने आनंदाने एक मुळासकट फुटवा काढून दिला. मी कुंडी पुढे केली. आई म्हणाल्या, “कुंडीत नको. गवंड्याला बोलाव.”

दोन फरशा उचलल्या. खाली 2006 चा राहिलेला गाळ होता, मऊ आणि काळपट. आईंनी तो मुठीत घेऊन दाबला, बोटांनी मोडला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. त्या म्हणाल्या, “चांगली माती आहे. नदीची आहे.”

कृष्णकमळही मूळचं इथलं नाही, हे लेकीने फोनवर सांगितलं. ते अमेरिका खंडातून आलं. तिथल्या स्पॅनिश धर्मप्रचारकांना त्या फुलात ख्रिस्ताचा काटेरी मुकुट दिसला. आपल्या लोकांना त्याच तंतूंत शंभर कौरव, पाच परागकोशांत पांडव आणि मधल्या तीन टोकांत ब्रह्मा-विष्णु-महेश दिसले. ऊन आणि दमट हवा त्याला मानवते, तणाव्यांनी ते मिळेल त्याला धरतं. त्याच जुन्या दोऱ्या पुन्हा बांधल्या आणि जूनमध्ये पहिलं फूल आलं. एक दिवसाचंच असतं ते, पण दुसऱ्या दिवशी दुसरं येतं.

लहान जागेत लावणार असाल तर अनुभवाचे चार शब्द. पाच-सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा, एवढं पुरतं. उन्हाळ्यापूर्वी एकदा सडकून छाटा, नाहीतर वेल शेजाऱ्याच्या घरात जाईल. पावसाळ्यात काटेरी सुरवंट येऊन पानांची चाळण करतात; त्यांची पुढे नारिंगी फुलपाखरं होतात. आई सुरवंटांना हात लावू देत नाहीत. वेल महिन्याभरात पुन्हा हिरवी होते.

लेकीच्या घरमालकिणीकडची वेल आम्ही अजून दर जूनमध्ये फोनवर बघतो. आता आईही आपला फोन वळवून अंगण दाखवतात.

गेल्या पावसाळ्यात उकाईचे दरवाजे उघडल्याची बातमी टीव्हीवर आली. पूर्वी अशी बातमी आली की आई रात्रभर जाग्या असायच्या. या वेळी त्या मागे गेल्या, वेलीचे दोन फुटवे काढले, छोट्या कुंड्यांत लावले आणि नातवाला त्या गच्चीवर नेऊन ठेवायला सांगितल्या. मग येऊन जेवायला बसल्या.

पाणी आलं नाही. गच्चीवरच्या दोन्ही वेली आता हातभर झाल्या आहेत. मंडळातल्या कुणाला हव्या असतील तर घरी या, चहाही होईल. फक्त येताना अंगणात किती वाजता ऊन येतं ते बघून या. आई पहिला प्रश्न तोच विचारतील.