मोकळ्या आभाळाखालचा बर्फ

पाचोरा, जि. जळगाव

चि. भाचेबुवांस,

कॅलगरीहून तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पुन्हापुन्हा पाहिला. तुझ्या गाडीची काच आणि टप पांढरेशुभ्र, आणि छपराखाली उभी असलेली शेजाऱ्याची गाडी मात्र कोरडी ठणठणीत. मोबाइलवर तापमान 3 अंश. मग पाणी गोठलं कसं, असं तू विचारलंस. प्रश्न मला फार आवडला. त्याचं उत्तर आपल्या खानदेशातच आहे, म्हणून फोनवर न सांगता लिहायला बसलो.

मोबाइलवरचा आकडा हवेचा असतो. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. तुझ्या गाडीचा टप किती थंड आहे, हे त्याला ठाऊक नसतं. प्रत्येक वस्तू रात्रभर आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकत असते. वर छप्पर असलं, झाड असलं, ढग असले, तर तेही खाली उष्णता टाकतात आणि वस्तूची झीज बरीचशी भरून निघते. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली तर वरून परत येणारं फार थोडं. त्यात वाराही पडलेला असला, तर आजूबाजूच्या हवेकडून मिळणारी ऊबही तुटते. अशा रात्री गवत, पत्रा, काच हवेपेक्षा चार-पाच अंशांनी सहज खाली उतरतात. हवा 3 अंशांवर असताना तुझा टप शून्याच्या खाली गेला तो असा.

गच्चीवरच्या झोपा आठवतात ना? मे महिन्यात दिवसा 44 अंश, स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला, आणि तरी पहाटे तुम्ही पोरं चादरीसाठी ओढाताण करायचात. निंबाखाली बाज टाकणाऱ्याला ती चादर लागत नसे. तुझ्या गाडीचं आणि शेजाऱ्याच्या गाडीचं जे झालं, तेच हे.

केळीवाल्यांना हे पुस्तकाशिवाय कळतं. रावेर-यावलकडे काय किंवा आपल्या गिरणाकाठच्या बागांत काय, डिसेंबर-जानेवारीत माणूस संध्याकाळी आधी आभाळाकडे बघतो. ढग असले तर निर्धास्त झोपतो. आभाळ स्वच्छ आणि वारा बंद असला की म्हणतो, आज चरका बसणार. केळीला इजा व्हायला पाणी गोठावं लागत नाही. पारा दहाच्या खाली राहू लागला की पानं पिवळी पडतात, घड निसवायला उशीर होतो, फळ भरत नाही. म्हणून बागेभोवती शेवरीचं कुंपण, रात्री पाणी, बांधावर शेकोट्या. विहिरीचं पाणी थंडीतही कोमट असतं आणि ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त धरून ठेवते, त्यामुळे रात्रीच्या पाण्याचा उपयोग पक्का. धुरावर मात्र लोकांचा भरवसा जरा जास्तच आहे असं मला वाटतं. साधा धूर अवरक्त किरणांना फारसा अडवत नाही. जे काही काम होतं ते शेकोटीच्या धगीचं.

पाचोऱ्यात उघड्यावर पाणी गोठलेलं मी कधी पाहिलं नाही. पण सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला कडाक्याच्या पहाटे गवतावर दव गोठल्याच्या बातम्या येतात. डिसेंबर 2018 मध्ये निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 2 अंशांच्याही खाली गेला होता. निफाड काही डोंगरावर नाही, गोदावरीच्या खोऱ्यात आहे. थंड हवा जड असते. वारा नसला की ती उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. महाबळेश्वरलाही बाजारपेठेपेक्षा वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्याकडे थंडी जास्त. तिथे स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि तलावाच्या धक्क्यावर हिमकण दिसतात. तळं गोठत नाही, ते का हे पुढे सांगतो.

आता गोष्ट ऐक, खरं तर तिच्यासाठीच हे पत्र. सर रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबाद आणि कलकत्त्याच्या बाजूला बर्फ कसा करतात ते लिहिलं. तिथल्या डबक्यांत, तळ्यांत कधी बर्फ धरत नसे. तरीही बर्फवाले मोकळ्या मैदानात सुमारे दोन फूट खोल, तीस फूट चौरस खड्डे खणायचे. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं वीतभर जाडीने अंथरायची, म्हणजे जमिनीची ऊब वर येणार नाही. त्यावर बोटभर खोलीची मातीची पसरट भांडी ओळीने मांडून संध्याकाळी त्यात उकळून निवलेलं पाणी ओतायचं. सूर्योदयाआधी येऊन बर्फ गोळा करायचा आणि खोल खड्ड्यात साठवायचा. ढग आले किंवा वारा फिरला की ती रात्र वाया. भांड्यातून पाणी झिरपून उडतं म्हणून गारवा येतो, असं तेव्हा बरेच जण मानत. पुढे 1814 मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने दवावरच्या आपल्या निबंधात हीच पद्धत तपासली आणि मुख्य काम मोकळ्या आभाळाकडे जाणाऱ्या उष्णतेचं आहे, हे दाखवून दिलं. पण वेल्सच्या कितीतरी आधी त्या बर्फवाल्यांनी खड्डा, ताटं, उथळ भांडं आणि रात्र, चारही गोष्टी अचूक निवडल्या होत्या. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत याची मला हळहळ वाटते.

भांडं उथळच का? एक ग्रॅम पाणी शून्य अंशावर आल्यावरही गोठायला आणखी 80 कॅलरी उष्णता बाहेर टाकावी लागते. एका रात्रीत आभाळ तेवढी उष्णता नेऊ शकतं ती पातळ थरातूनच. तळ्याचं तर आणखी वेगळं. पाणी 4 अंशांवर सर्वांत जड असतं. तोवर वरचं गार झालेलं पाणी खाली बसतं आणि खालचं वर येतं, म्हणजे सगळं तळं 4 अंशांपर्यंत उतरल्याशिवाय वरचा थर त्याखाली जाऊच शकत नाही. वेण्णा तलावाला तेवढी थंडी कधी मिळत नाही. तुमच्याकडे ती महिनोन् महिने मिळते. मग वरचं पाणी हलकं होऊन वरच राहतं आणि बर्फ वरून खाली जाड होत जातो. मासे तळाच्या 4 अंशांच्या पाण्यात हिवाळा काढतात.

तुझे मित्र तळ्यावर स्केटिंगला नेणार म्हणालास, म्हणून एवढं नीट ऐक. वर भुसभुशीत बर्फ पडला की खालची उष्णता अडते आणि गोठणं मंदावतं. ओढा येऊन मिळतो तिथे, आणि पुलाखाली, थर पातळ असतो. घोळक्याने जायचं तर स्वच्छ, कडक बर्फ किमान 20 सेंटीमीटर जाड हवा. तिथल्या पालिकेची पाटी वाचल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. आणि गाडीच्या गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नकोस, तडकेल; रात्री कापड टाकून ठेव. तुझी आई काळजी करते, तिला फोन कर.

तुझा मामा