शाकारलेली होडी

मराठी कवितेतली होडी बहुधा चालत तरी असते, नाही तर बुडत तरी असते. सुकाणू, वादळ, पैलतीर, नावाडी ही सारी गतीची रूपके. भवसागराच्या कल्पनेने तर संतकाव्यापासूनच नावेला पलीकडे पोहोचवण्याचे काम नेमून दिले आहे. कोकणच्या किनाऱ्यावरची खरी होडी मात्र वर्षातले दोन-अडीच महिने कोठेच जात नाही. हे न जाणे म्हणजे आळस नव्हे. त्याची तयारी मे महिना संपण्याआधीच सुरू होते. साहित्याचे वाचक म्हणून आम्हांला या थांबलेल्या होडीविषयी काही सांगावेसे वाटते.

या तयारीला किनाऱ्यावर जो शब्द आहे, तो घराचाच आहे : शाकारणे. पावसाळ्याआधी घर शाकारतात, म्हणजे छपरावर गवत, झावळ्या किंवा कौले नीट बसवून ते पावसाला सिद्ध करतात. होडीही शाकारतात. आठ-दहा महिने जी वस्तू वाहन होती, तिला एका क्रियापदाने घरांच्या रांगेत आणून बसवले आहे. थंड देशांत नावा बर्फापासून जपण्यासाठी वर काढतात. आपल्याकडे त्या पावसापासून जपायच्या असतात.

दापोली तालुक्यातल्या हर्णैच्या किनाऱ्यावर आणि तेथून जवळच असलेल्या आंजर्ल्याच्या खाडीकाठी आम्ही हे काम अनेकदा पाहिले आहे. हर्णैचा किनारा समुद्राला उघडा; म्हणून मोठ्या नौका खाडीच्या आडोशाला नेतात. लहान होड्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती साधून, जेवढ्या वर पाण्याने येतील तेवढ्या आणतात आणि पुढे लाकडी ओंडक्यांवरून माणसांच्या बळाने ओढतात. त्याआधी जाळी उतरतात, धुऊन वाळवून माळ्यावर जातात. यंत्र काढतात, नाही तर त्याला तेलपाणी करून झाकतात. तळाला चिकटलेले शिंपले खरवडतात. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून राळ आणि तेल भरतात. पूर्वी लाकडाला माशाचे तेल पाजत, त्याचा वास आठवडाभर वाडीत राहत असे. शेवटी दोन्ही बाजूंना टेकू देऊन वर झावळ्यांचे छप्पर चढवतात.

या साऱ्या खटाटोपामागचे कारण प्रथम ऐकले तेव्हा आम्हांला मोठे नवल वाटले. खाऱ्या पाण्यात जन्म काढणाऱ्या लाकडाला गोडे पाणी मानवत नाही. लाकूड कुजवणारी बुरशी मिठाला बिचकते. पावसाचे पाणी होडीत साचले की तिला मोकळे रान मिळते. म्हणून पाण्यातल्या वस्तूला पाण्यापासूनच वाचवावे लागते. उलट समुद्रात लाकूड पोखरणारा जो किडा असतो, तो गोड्या पाण्यात तगत नाही. पुराने खाडी गोडी झाली की तिच्यात उभ्या असलेल्या नौकेच्या बुडाची ती पीडा कमी होते. तेव्हा तेच पाणी बाहेरून औषध आणि आतून विष! शिवाय होडी फार सुकूनही चालत नाही. उन्हाने फळ्या आकसतात, सांधे उघडतात; हंगामाच्या आरंभी पाण्यात लोटल्यावर ती काही काळ गळते आणि मग फळ्या फुगून सांधे आपोआप मिटतात. एवढे सारे ज्ञान एका क्रियापदाच्या पोटात आहे.

ते आजचेही नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या प्रकरणात पावसाळ्यातल्या छावणीचा विचार आहे. दर्या खवळण्याआधी जहाजे सुरक्षित बंदरी आणावीत, पण दर वर्षी एकाच बंदरी छावणी नको, कारण तिचा उपद्रव तेथल्या रयतेला होतो, अशी दृष्टी त्यात दिसते. 'आज्ञापत्र' आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून शिकवतो. पण थांबणेही राज्यकारभाराचा भाग आहे, हे त्यातले सूत्र वर्गात क्वचितच येते.

थांबण्याचे पंचांग आता बदलले आहे. पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर दर्या मोकळा होई. २०१५ साली केंद्र सरकारने पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी ठरवली. माशांच्या विणीचा काळ आणि माणसांचे जीव, दोन्ही दृष्टींनी तिची गरज पटते. पण तेवढे दिवस चूलही शाकारून ठेवता येत नाही, हे वाडीतल्या कोणालाही विचारावे. त्यात समुद्रच तारखा पाळीनासा झाला आहे. २०२० साली 'निसर्ग' चक्रीवादळ ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आले, ते दापोलीची छपरे आणि बागा उद्ध्वस्त करून गेले. २०२१ साली 'तौक्ते' मेच्या मध्यालाच किनाऱ्याजवळून गेले, म्हणजे शाकारणीच्या पंधरा दिवस आधी. 'क्यार' तर २०१९ साली ऑक्टोबरात, ऐन हंगामात आले होते.

आणि होडीही बदलली. फायबरची होडी कुजत नाही, किडा तिला पोखरत नाही, सांधे भरण्याचा प्रश्नच नाही. तिच्यावर ताडपत्री ओढली की बरेचसे काम संपते. येथे साहित्यिक मनाला हळहळ सुचते. मात्र या हळहळीची किंमत कोणी मोजायची? ज्यांचे तळहात ओंडके आणि दोर ओढून सोलवटले, ते लाकडी होडीसाठी उसासे टाकताना आम्हांला फारसे आढळले नाहीत. त्यांना हलकी, टिकाऊ होडी हवी आहे आणि ती मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. श्रम त्यांचे आणि शोकगीत आमचे, ही वाटणी न्याय्य नव्हे.

मात्र श्रम सुटले म्हणून शब्द सुटलेच पाहिजेत असे नाही. लाकडी होड्या अजून थोड्या आहेत. होडीच्या एकेका भागाची, सांध्याची, तेलाची, गाठीची नावे सांगणारे तांडेल आणि सुतार अजून आहेत. वाडीवाडीगणिक ही नावे वेगळी आहेत आणि त्यांतली कित्येक आमच्या हाताशी असलेल्या कोशांत आम्हांला सापडली नाहीत. जूनमध्ये महाविद्यालये उघडतात, नेमक्या त्याच वेळी हे लोक घरी असतात आणि त्यांना बोलायला सवड असते. मराठीच्या विभागांनी एका पावसाळ्यात चार विद्यार्थी एकेका वाडीवर पाठवले, तरी ही नावे सांगणाऱ्यांच्याच उच्चारात आणि त्यांच्याच नावानिशी नोंदवून ठेवता येतील.