घटलेलं पाणी काय सांगतं

मे महिन्यात भडगावाहून पाचोऱ्याकडे किंवा चाळीसगावकडे जाताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली, तर कुणाला नवल वाटत नाही. जवळच्या शेतातल्या बोअरवरून कॅनभर पाणी येतं, इंजिन निवलं की ते ओतलं जातं आणि ‘आता चालून जाईल’ म्हणत गाडी पुढे निघते. दोष उन्हाला दिला जातो. गाड्यांचं काम करणारा माणूस म्हणून माझं मत वेगळं आहे. आपल्याकडच्या इंजिनांचं जेवढं नुकसान ऊन करतं, त्याहून अधिक या वारंवार ओतलेल्या पाण्यानं होतं. डिझेल जळतं म्हणून पुन्हा भरावं लागतं. कूलंट जळत नाही. वॉटर पंप ते इंजिनात ढकलतो, तिथली उष्णता घेऊन ते रेडिएटरमध्ये येतं, निवतं आणि परत जातं. हा बंद फेरा आहे. त्यात वर्षाकाठी किंचित घट सोडली तर काहीच कमी व्हायला नको. ते महिन्या-पंधरा दिवसांत कमी होत असेल, तर गाडीत कुठंतरी बिघाड आहे. आपण मात्र कारण न शोधता पाणी ओतून मोकळे होतो. दुखणं अंगावर काढण्याचाच हा प्रकार, आणि त्यात दुखणं वाढवणारी वस्तूही आपणच घालत असतो.

ती वस्तू म्हणजे पाण्यातले क्षार. खानदेशाचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे आणि इथल्या पुष्कळ बोअरचं पाणी जड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हा ६००चा आकडा धरून हिशेब करू. छोट्या मोटारीत साधारण सहा लिटर पाणी मावतं असं मानलं, तर एकदा भरलेल्या पाण्यातून साडेतीन ग्रॅमच्या आसपास क्षार आत जातात. एवढ्यानं इंजिन बसत नाही. पण गळती तशीच ठेवून दर आठवड्याला अर्धा लिटर ओतत राहिलं, तर वर्षाला २६ लिटर पाणी आत जातं आणि त्याबरोबर पंधरा ग्रॅमहून अधिक क्षार. गळतीतून काही बाहेर पडतात, काही विरघळलेले राहतात. पण ज्यांचा थर बसतो ते नेमके सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे हेडमध्ये, एक्झॉस्ट वॉल्वच्या आसपास. क्षाराचा हा थर बिडाच्या लोखंडापेक्षा सुमारे वीस-पंचवीस पट कमी उष्णता वाहतो. म्हणजे जिथून उष्णता काढून घ्यायची, तिथंच आपण पांघरूण घालतो. केळीला ठिबक लावणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. लॅटरलची भोकं क्षारानं बुजतात म्हणून त्याला संचात ॲसिड सोडावं लागतं, हे त्यानं पाहिलेलं असतं. रेडिएटरच्या चपट्या, बारीक नळ्यांत तेच घडतं. फरक इतकाच की तिथं ॲसिड सोडून भागत नाही, कारण आजचं हेड आणि रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲसिड क्षाराबरोबर ॲल्युमिनियमही खातं.

आता उन्हाचा खरा वाटा किती, तेही पाहू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे आतलं कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आत ९५ अंश आणि बाहेर २५ असेल, तर फरक ७० अंशांचा. बाहेर ४५ झालं की तो ५० वर येतो. म्हणजे भर उन्हाळ्यात त्याच रेडिएटरची ताकद जवळजवळ तीन दशांशांनी घटते. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो आणि आत येणारी हवा तो आधीच तापवतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना गाडी भरलेली असते, गिअर दुसरा असतो, वेग कमी असल्यानं वारा कमी आणि इंजिनावर ताण जास्त. गाडी बनवणाऱ्यांनी हे सगळं धरूनच रेडिएटरला थोडी जादा ताकद दिलेली असते. निरोगी गाडी खानदेशातल्या मे महिन्यातही घाट चढून जाते. क्षारानं भरलेल्या नळ्या, फटींत बसलेली धूळ आणि कापसाचा भुगा, सैल झालेलं झाकण यांनी ती जादा ताकद आधीच खाऊन टाकलेली असते. ऊन फक्त शेवटचा धक्का देतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, कूलंट हे बर्फाळ मुलुखाचं औषध. भडगावात पाणी गोठत नाही, मग ते कशाला? गोठण्यापुरता मुद्दा खराच आहे. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल निम्म्या प्रमाणात मिसळलं की मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली द्रव राहतं, आणि आपल्याला त्याची गरज नाही. पण तेच मिश्रण उकळतं उशिरा. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं, हे मिश्रण सुमारे १०७ ला, रेडिएटरच्या १.१ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी १२० च्या आसपास, मिश्रण १३० च्या आसपास. घाटात हा दहा अंशांचा फरक मोलाचा असतो. शिवाय कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्यं असतात, आणि आपल्या दृष्टीनं खरी किंमत त्यांचीच आहे. ती ॲल्युमिनियम, लोखंड आणि पंपाचं सील यांना राखतात. ज्या डिझेल इंजिनांत पाणी थेट लायनरला भिडतं, तिथं लायनरच्या कंपनानं सूक्ष्म बुडबुडे फुटून धातूला खड्डे पडतात. त्यालाही ही द्रव्यं आळा घालतात. काही जाणकार म्हणतात की साधं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहतं. तेही खरं आहे, पण ते नव्या, स्वच्छ इंजिनापुरतं. गंजलेल्या आणि थर साचलेल्या इंजिनात त्या गुणाचा उपयोग उरत नाही. तिसरा आक्षेप जुन्या जीपचा आणि ट्रॅक्टरचा: ते तर नुसत्या पाण्यावर चालले! चालले, कारण त्यांचं हेड बिडाचं होतं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, नळ्या रुंद आणि पाणी भरपूर. आजच्या गाडीला ती सवलत नाही. तिचं ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं, की गॅस्केट बदलूनही पुढचे पाढे पंचावन्न.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. महागाचं ते चांगलं, म्हणून काही जण कूलंटचा कॉन्सन्ट्रेट पाणी न मिसळताच भरतात. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनात सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉल वापरत. पुढे दाबाखालचं सत्तर टक्के पाणी आणि तीस टक्के ग्लायकॉल असं मिश्रण आलं आणि ते इंजिनाला अधिक मानवलं. उष्णता वाहायला पाणी लागतंच. फक्त ते क्षार नसलेलं हवं. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर याला योग्य. ‘रेडी टू यूज’ लिहिलेल्या बाटलीत मात्र पुन्हा पाणी घालू नये. रंगावरूनही खरेदी करू नये, कारण हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनी ठरवते. पुस्तिकेत सांगितलेला प्रकार पाहावा आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्यानं इंजिन थंड राहतं असं वाटतं, पण ते हव्या त्या तापमानाला वेळेवर पोचत नाही, डिझेल जास्त खातं आणि झिजतं. गाडी तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं.

तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती सकाळी, इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी. तापलेलं झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं. बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या रेघांमध्ये हवी. मग झाकण उघडून रंग पाहावा: तो स्वच्छ असायला हवा. तांबूस गढूळ असेल तर गंज, वर तेलाचा तवंग असेल तर गॅस्केट किंवा ऑइल कूलर. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा साचून राहत असेल, तरी संशय गॅस्केटवरच घ्यावा. झाकणाच्या रबरी रिंगवर बोट फिरवावं. चीर लागली तर झाकण बदलावं, कारण दाब टिकला नाही तर उत्तम कूलंटही १०७ अंशांनाच उकळेल. होज पाइप क्लिपजवळ दाबून पाहावा. तिथं पांढरी किंवा हिरवट पापडी धरलेली दिसली की गळतीची जागा सापडली. थेंब जमिनीवर पडायच्या आत तापलेल्या धातूवर वाळून जातात, म्हणून ‘खाली तर ओल नाही’ हा पुरावा धरू नये. अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. त्यामुळे ही सकाळची नजर पूर्वीपेक्षा आज जास्त गरजेची आहे.

वाटेत पाणी संपलं आणि जवळ कूलंट नसेल, तर काय करायचं? इंजिन निवू द्यावं आणि मिळेल ते पाणी जरूर घालावं. कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा जड पाणी बरं. पण ते गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं. तिथं गळती आधी बंद करावी, मग सगळं पाणी काढून नवं कूलंट भरावं आणि आतली हवा नीट काढून घ्यावी. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नये किंवा नालीत सोडू नये. ते चवीला गोड पण विषारी असतं, आणि लहान मूल किंवा कुत्रं ते चाटू शकतं. वापरून गुण संपलेलं कूलंट पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला बदलावं, दिसायला चांगलं असलं तरी. खर्चाचा विचार केला, तर कूलंट काही शे रुपयांत येतं आणि हेडचं काम हजारांत जातं. तेव्हा येत्या उन्हाळ्याआधी एकदा बॉनेट उघडा, आणि पातळी घटलेली दिसली तर ओतण्याआधी ती का घटली ते मेकॅनिकला विचारा.